घरफाळा, उतारा, पाणी

मिरजकर तिकटीवरून आत वळलं की मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत एक सेवा केंद्र लागतं. एका खोलीचं दुकान, दोन संगणक, एक प्रिंटर, भिंतीवर दरपत्रक, दारात बाक. नोव्हेंबर लागला की पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी तिथं जातो. यंत्रावर बोट ठेवायचं, ठसा जुळेपर्यंत थांबायचं, घरी यायचं. मागच्या नोव्हेंबरात सर्व्हर बसला होता आणि मला पाऊण तास केंद्र चालवणाऱ्या ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहावं लागलं. समोर ब्राउझर उघडा होता. त्याच्या वरच्या कडेला बुकमार्कांची पट्टी होती. मी ती वाचली.

घरफाळा, उतारा, डायरी, सिटी सर्व्हे, दाखले, लाईट, पाणी, बघू.

आठ नावं. मी पुन्हा वाचली. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना कवितेचं रसग्रहण कसं करायचं हे मुलांनी विचारलं की मी एक युक्ती सांगायचो: आवडलेला शब्द काढा, त्याच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा ठेवा, आणि ओळ म्हणून बघा. ओळ पडली तर कवीनं शब्द नीट निवडला होता. त्या दुपारी मी ही युक्ती ताईंच्या पट्टीला लावली. ‘घरफाळा’ काढून ‘मालमत्ता कर’ ठेवला. ‘उतारा’ काढून ‘गाव नमुना सात-बारा’ ठेवला. ओळ पडली. नुसती कानाला नव्हे, कामालाही पडली. तेव्हापासून ही आठ नावं माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत.

आधी पहिलं नाव घेतो. पुण्यात मिळकतकर भरतात, मुंबईत मालमत्ता कर भरतात, कोल्हापुरात घरफाळा भरतात. महापालिकेतही तो विभाग घरफाळा विभाग म्हणूनच ओळखला जातो. फाळा म्हणजे आकारणी, पट्टी. शब्द जुना आहे आणि आमच्याकडे तो अजून रोजच्या तोंडात आहे. दुकानाच्या उंबऱ्यावर उभा राहून कुणीही ‘मालमत्ता कर भरायचाय’ असं म्हणत नाही. ‘ताई, घरफाळा बघा की किती आलाय’ असंच म्हणतो. म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडातून जो शब्द बाहेर पडतो तोच पडद्यावर आहे, आणि ऐकणं नि बोट टेकवणं यांच्यामध्ये भाषांतराची पायरीच उरलेली नाही.

‘डायरी’ हा शब्द तर बाहेरच्या माणसाला कळणारच नाही. जमिनीच्या मालकीत बदल झाला की तलाठ्याच्या दप्तरी फेरफार नोंद होते, गाव नमुना सहा. त्याला आमच्या भागात डायरी म्हणतात. म्हातारा शेतकरी खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि सांगतो, बापाच्या नावची डायरी पाहिजे, नंबर ह्यो. ताईंच्या पट्टीवर डायरी आहे. ती दाबली की शासनाचं जे पान उघडतं त्याच्यावर डायरी हा शब्द कुठेही नसतो. पण म्हाताऱ्याचा शब्द आणि शासनाचं पान यांची गाठ कुणीतरी एकदाच मारून ठेवली आहे.

मी ताईंना विचारलं, ही नावं तुम्ही दिलीत? त्या हसल्या नाहीत, त्यांना प्रश्न विचित्रही वाटला नाही. म्हणाल्या, “सर, माणूस जे मागतंय तेच नाव द्यायचं. सरकारचं नाव ठेवलं तर मलाच घावायचं नाही.”

घावणं. प्रमाण मराठीत आपण ‘सापडणं’ म्हणतो. सापडणं पुष्कळदा आपोआप होतं, रस्त्यात पडलेला रुपया सापडतो. आमच्याकडचं घावणं मी नेहमी हात घालून शोधणाऱ्याच्या तोंडी ऐकलं आहे. विहिरीत पडलेली घागर घावते, कणगीच्या तळाशी लपवलेलं पाकीट घावतं. ताईंना काय हवं होतं ते या एका क्रियापदात सगळं आलं.

आता ही नावं कशी पडली त्याकडे जवळून बघावं, कारण इथे एक फार छोटा आणि फार महत्त्वाचा क्षण आहे. कंट्रोल आणि डी ही दोन बटणं एकत्र दाबली की ब्राउझर एक चौकट उघडतो. त्या चौकटीत पानाचं नाव आधीच भरलेलं असतं आणि ते निवडलेलं असतं, निळं झालेलं. तुम्ही टाइप करायला लागलात की ते पुसलं जातं आणि तुमचं नाव बसतं. म्हणजे यंत्र तुम्हाला विचारत असतं की याला काय म्हणू. बहुतेक माणसं त्या क्षणी नुसतं एंटर दाबतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. परिणाम असा की पानानं स्वतःला जे नाव दिलेलं असतं तेच आपल्या यादीत येतं. आणि संकेतस्थळं स्वतःला काय म्हणवून घेतात? कितीतरी जण ‘होम’ म्हणवतात. कुणी ‘वेलकम’ म्हणवतात, कुणी खात्याचं संपूर्ण इंग्रजी नाव, पुढे महाराष्ट्र शासन, पुढे भारत. पट्टीवर जागा बोटभर असते, त्यामुळे लांब नाव मध्येच तुटतं आणि पुढे तीन टिंबं येतात. माझ्या घरच्या संगणकावर एका वेळी चार ‘होम’ होते. चारही वेगळ्या घरांची दारं, आणि चारींवर पाटी एकच.

ताई एंटर दाबत नाहीत. त्या अर्धा सेकंद थांबतात आणि नाव लिहितात. सगळी करामत त्या अर्ध्या सेकंदात आहे.

आणि ते नाव देवनागरीत, युनिकोडमध्ये. याला आमच्याकडे एक इतिहास आहे. गल्लीबोळातल्या डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं श्री-लिपी आणि आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, तालमीच्या पावत्या तयार झाल्या. कागदावर ते मराठी सुंदर उमटायचं, पण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतंच. रोमन अक्षरांना देवनागरीचा अंगरखा घातलेला असायचा. तसलं नाव बुकमार्कला द्यायला गेलं की अंगरखा गळून पडतो आणि पट्टीवर अगम्य चिन्हांची रांग दिसते. युनिकोडमध्ये ‘घ’ हा खरोखर ‘घ’ असतो. म्हणूनच पट्टीकडे न बघताही, वरच्या पत्त्याच्या जागी नुसतं ‘घर’ एवढं लिहिलं की ब्राउझर खाली ‘घरफाळा’ सुचवतो, शेजारी चांदणीची खूण करून. फायरफॉक्समध्ये तर आधी ताराचिन्ह टाकून एक जागा सोडली की तो बाकीचं सगळं बाजूला ठेवून फक्त बुकमार्कांतच शोधतो. पण हे सगळं चालतं ते नाव तुमच्या तोंडातलं असेल तरच. ‘महानगरपालिका मालमत्ता कर प्रणाली’ या नावात ‘घरफाळा’ शोधून घावणार नाही.

इथून मला मंगळवार पेठेविषयीच बोलायला हवं, कारण ही पट्टी जिथे तयार झाली तिथल्या माणसांना पत्ता आणि नाव यांतला फरक जन्मापासून माहीत असतो. आमच्या घराचा कागदोपत्री पत्ता सिटी सर्व्हे नंबर, बी वॉर्ड, मंगळवार पेठ असा आहे. कोल्हापूर शहराच्या जुन्या भागाचे वॉर्ड अक्षरांनी ओळखले जातात, ए, बी, सी, डी, ई. मिळकत पत्रिकेवर, बँकेच्या पासबुकावर, लग्नाच्या दाखल्यावर हा आकडा आणि हे अक्षर असतं. तो पत्ता अचूक आहे. शहरात तसा दुसरा नाही. पण तो सांगून एकही पाहुणा आजवर घरी पोहोचलेला नाही. पाहुण्याला आम्ही सांगतो, खासबागेच्या अलीकडे उतर, तालमीपाशी ये, तिथं कुणालाही विचार. खासबाग १९१२ मध्ये शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान. साठमारी म्हणजे संस्थानच्या काळात हत्तीशी झुंजण्याचे खेळ व्हायचे ती जागा. तालमी, तिकट्या, देवळं. पेठेचं नावसुद्धा एका वाराचं, त्यात आकडा नाही. पाटाकडील तालीम म्हटलं की फुटबॉलच्या मोसमात कोल्हापूरचं पोरसुद्धा डोळे मिटून त्या दिशेला बोट दाखवेल.

संकेतस्थळाचा पत्ताही बी वॉर्डातल्या नंबरासारखाच असतो. तिरकस रेघा, टिंबं, आकडे, मध्येच प्रश्नचिन्ह. अचूक आणि लक्षात न राहणारा. बुकमार्क त्या पत्त्याला पेठेतलं नाव देतो. म्हणून मला वाटतं की ताईंनी हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलेलं नसावं. आपण जसं राहतो, जसे पत्ते सांगतो, तशीच त्यांनी पट्टी लावली.

या खुणेला जगानं काय काय म्हटलं तेही बघण्यासारखं आहे. १९९३ मध्ये मोझेक हा ब्राउझर आला, त्यानं चित्रांसकट वेब सामान्य माणसाच्या पडद्यावर आणलं. त्यात आवडत्या पत्त्यांच्या यादीला ‘हॉटलिस्ट’ म्हणत. पुढच्याच वर्षी नेटस्केप आला आणि त्यानं ‘बुकमार्क’ हा शब्द रूढ केला. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला आणि त्यानं तीच गोष्ट ‘फेव्हरिट्स’ म्हणून ठेवली. बुकमार्क म्हणजे जिथपर्यंत वाचलं तिथे ठेवलेली खूण. फेव्हरिट म्हणजे जिवलग. आता घरफाळा कुणाचा जिवलग असेल? आणि उताऱ्याचं पान कुणी अर्धवट वाचून खूण ठेवत नाही.

आपल्याकडे वाचनखूण हा चांगला शब्द आहे आणि तो डोळ्यासमोर आला की मला आजोबांची पोथी दिसते, तिच्यात ठेवलेलं पिंपळाचं पान दिसतं. ते पान सुकत सुकत जाळीचं होतं, हिरवेपणा जातो आणि नुसत्या शिरा राहतात, आणि तरीही ते नेमक्या अध्यायात असतं. पण ताईंच्या पट्टीवरच्या नावांसाठी मला याहून जवळचा शब्द वाटतो तो खूणगाठ. बाजारातून काय आणायचं ते विसरू नये म्हणून बायका पदराला गाठ मारायच्या. गाठीत वस्तू नसायची, वस्तूची आठवण असायची, आणि ती गाठ जिनं मारली तिलाच ती वाचता यायची. बुकमार्क पान साठवत नाही. पान आहे तिथेच असतं, दूर कुठल्यातरी सर्व्हरवर. आपल्याजवळ असते ती फक्त गाठ. आणि बऱ्याच लोकांच्या ब्राउझरमध्ये शेकडो गाठी मारलेल्या असतात पण एकही वाचता येत नाही, कारण मारताना त्यांनी मनात काही म्हटलेलंच नसतं.

जुन्या दप्तरखान्यांनाही हे ठाऊक होतं. मोडीतले कागद एकत्र करून कापडात बांधायचे, त्या बांधणीला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत आणि त्यांतून निवडलेले कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. बाहेरून सगळे रुमाल सारखेच दिसतात. आत काय आहे ते बाहेरच्या चिठ्ठीवरून आणि यादीवरून कळतं. यादी नसेल तर कागद जिवंत असूनही हरवलेला. ग्रंथालयशास्त्राचे आपले मोठे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं. मला हे सूत्र ताईंच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या संदर्भात जास्त खरं वाटतं. एसटी पकडून राधानगरी तालुक्यातल्या गावाला परत जायचं असतं त्याला.

आता क्रम. ओळीचं सौंदर्य शब्दांत असतं तसं क्रमातही. ताईंची पट्टी वर्णमालेच्या क्रमानं नाही. ब्राउझरमध्ये नावांनुसार लावण्याची सोय आहे, एका टिचकीत सगळं अकारविल्हे लागतं, पण ताईंनी ती कधी वापरलेली नाही. डावीकडे जे असतं ते जास्त लागतं, उजवीकडे कमी. पट्टीवर मावत नाही ते दोन बाणांच्या मागे जाऊन बसतं, आणि ताईंचा नियम असा की बाणांमागे काही जाऊ द्यायचं नाही. म्हणून आठच. आणि हा क्रम वर्षभर एक राहत नाही. मार्च संपत आला की घरफाळा पहिला. दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘दाखले’ पुढे येतात. तो एक कप्पा आहे, त्याच्या आत उत्पन्न, रहिवास, जात, नॉन-क्रीमीलेअर, शिष्यवृत्ती. कप्प्यावर उजवी टिचकी मारून ‘सगळे उघडा’ म्हटलं की पाचही पानं एकदम पाच टॅबांत उघडतात. जूनमध्ये सकाळी दुकान उघडल्यावर ताईंचं पहिलं काम तेच असतं, चुलीवर एकदम पाच भांडी चढवल्यासारखं. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा झाला तेव्हापासून दाखल्यांना ठरलेली मुदत आली आहे, आणि दाखला वेळेत मिळावा म्हणून अर्जही वेळेत जायला हवा हे या दुकानाएवढं कुणाला कळतं?

कप्प्याच्या आत ताईंनी एक गोष्ट सांभाळली आहे ती मला फार आवडली, कारण त्यात तांत्रिक समज आणि गृहिणीचं शहाणपण एकत्र आहे. त्यांनी नेहमी दाराला खूण केली आहे, आतल्या खोलीला नाही. अशा पोर्टलवर आत शिरल्यानंतर जे पान दिसतं त्याचा पत्ता त्या वेळेपुरताच असतो. तो जपून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी उघडला तर मुदत संपल्याचा संदेश येतो. नवशिका माणूस नेमकं तेच करतो, कारण त्याला वाटतं की आतल्या खोलीची खूण ठेवली की लवकर पोहोचू. ताई लॉगिनच्या पानाला खूण करतात. दार पक्कं असलं की आतलं घर आपलंच.

‘लाईट’ हे नाव साधं दिसतं पण त्यामागे मोठी राखण आहे. वीजबिलाच्या नावानं फसवणुकीचे संदेश येतात, बिल भरलं नाही तर आज रात्री वीज तोडू, या दुव्यावर जा. खऱ्यासारखी दिसणारी खोटी पानं असतात. प्रत्येक वेळी शोधयंत्रात नाव टाकून जो माणूस पहिल्या दुव्यावर जातो तो एखाद्या दिवशी चुकीच्या दारात जाऊ शकतो. एकदा नीट तपासून, पत्त्यातलं अक्षर न् अक्षर वाचून केलेली खूण मात्र रोज त्याच दारात नेते. ताई शेजारच्या बायकांच्या मोबाइलमध्येही हीच खूण करून देतात. म्हणतात, “मेसेजमधलं काय दाबू नका, हितनंच जावा.” सुरक्षिततेवरचा इतका नेमका पाठ मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

पत्ते बदलतात हेही इथे आलं. शासनाची संकेतस्थळं नव्या जागी हलतात, जुना पत्ता मरतो. तेव्हा ताई नाव पुसत नाहीत. उजवी टिचकी, संपादन, खालच्या ओळीतला पत्ता बदलला, वरचं नाव तसंच. हे बघताना मला केशवराव भोसले नाट्यगृह आठवलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. आम्ही पेठेतली माणसं त्या रात्री रस्त्यावर उभी होतो, आगीचा उजेड भिंतींवर हलत होता, आणि कुणी फारसं बोलत नव्हतं. पण सकाळी रिक्षावाल्याला सांगताना सगळ्यांच्या तोंडी ‘केशवराव’च होतं. इमारत नव्हती, नाव जागेवर होतं. नाव जागेवर असलं की पुन्हा बांधता येतं.

आता मी ज्या शब्दासाठी हा लेख लिहायला घेतला त्यापाशी येतो. पाणी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती पाणीपट्टी वाटली. घरफाळा, लाईट, पाणी, सगळी बिलं. पण पाणीपट्टी घरफाळ्याच्या कप्प्यात आहे आणि तिथे ती ‘पाणीपट्टी’ याच नावानं आहे. पट्टीवरचं सुटं ‘पाणी’ वेगळं. ते दाबलं की पाटबंधारे खात्याचं धरणं आणि नद्यांच्या पातळीचं पान उघडतं.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जुलै-ऑगस्टात इथे कुणी ‘पाणी किती आलंय’ असं विचारलं तर ते नळाचं नसतं. पंचगंगेचं असतं. राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, फूट आणि इंचांत. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात, आणि ‘दोन उघडले’, ‘चौथा उघडला’ ही बातमी पेठेत कुस्तीच्या निकालासारखी फिरते. एका शब्दात एवढं सगळं बसवणारी माणसं शेजारच्या ‘पाणीपट्टी’शी त्याची गल्लत होऊ देत नाहीत. ‘पाणी’च्या जागी ‘धरण पातळी’ ठेवून बघा. अर्थ तोच राहतो, पण पोटात काही हलत नाही.

त्या दिवशी सर्व्हर येईना तेव्हा ताईंनी नव्या संगणकासाठी बुकमार्कांची फाइल काढून ठेवायचं काम हाती घेतलं. आणि मी ती फाइल पहिल्यांदा उघडलेली बघितली. बुकमार्क बाहेर काढले की ब्राउझर एकच साधी फाइल तयार करतो. तिची पहिलीच ओळ नेटस्केपचं नाव सांगते. नेटस्केप कंपनी कधीची संपली, तिचा ब्राउझर आज कुणी वापरत नाही, पण तिनं ठरवलेला बुकमार्कांचा साचा आजही क्रोम वापरतो, फायरफॉक्स वापरतो. त्याखाली एक सूचना आहे की ही फाइल यंत्रानं तयार केली आहे, हातानं बदलू नका. आणि मग एकेक नाव, एकेक पत्ता, आणि प्रत्येकाजवळ एक दहा अंकी आकडा.

तो आकडा म्हणजे ती खूण कधी केली त्याची वेळ. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले तेवढा. माणसाला वाचता येत नाही, पण हिशेब करता येतो. मी त्या फाइलवरून बोट फिरवत गेलो. घरफाळ्याचा आकडा वेगळा, उताऱ्याचा वेगळा, दाखले एकापाठोपाठ एकाच दिवशी केलेले. ‘पाणी’जवळचा आकडा १५६५० नं सुरू होत होता. घरी येऊन मी हिशेब मांडला. १५६५० नं सुरू होणारे सगळे दहा अंकी सेकंद ५ ऑगस्ट २०१९ च्या दुपारी पावणेचारच्या सुमारास सुरू होतात आणि ६ ऑगस्टच्या संध्याकाळी साडेसातला संपतात.

कोल्हापुरात त्या तारखा सांगून कुणाला काही समजवावं लागत नाही. त्याच आठवड्यात पुणे–बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला. प्रयाग चिखली, आंबेवाडी वेढली गेली. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात. शहरात शाहूपुरीत, दुधाळीत होड्या फिरल्या. मंगळवार पेठ उंचावर असल्यानं कोरडी राहिली आणि म्हणूनच घराघरांत पाहुणे होते, शाळांत निवारे होते, तालमीच्या पोरांनी भाकऱ्या गोळा केल्या होत्या. पेट्रोल नव्हतं, दूध नव्हतं, फोन लागत नव्हते. अशा त्या सव्वा दिवसातल्या कुठल्यातरी क्षणी, या खोलीत, ताईंनी कंट्रोल आणि डी दाबलं, निळं झालेलं लांबलचक नाव पुसलं, आणि दोन अक्षरं लिहिली.

मी नंतर त्यांना विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं की माहेर शिरोळकडचं. आई-वडील वरच्या मजल्यावर अडकले होते. फोन लागत नव्हता, तेव्हा दर तासाला आकडा बघायचा, चढला की उतरला. “हुडकत बसायला वेळ नव्हता सर. एकदा घावलं ते ठेवलं बांधून.”

पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा ती खूण तिथेच होती. आणि तेव्हापासून बाकावर बसलेली सगळी माणसं ती वापरतात.

शेवटचं नाव ‘बघू’. तोही एक कप्पा. ताई त्यात काय ठेवतात ते त्यांनी दाखवलं: कुठल्यातरी योजनेचं पान, मुलीसाठी अभियांत्रिकीच्या प्रवेशाची माहिती, एका शिलाईयंत्राचा व्हिडिओ, मराठी विश्वकोशातली महालक्ष्मी मंदिरावरची नोंद, आणि २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात सापडलेल्या जुन्या कुणबी नोंदी जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या तेव्हाचं एक पान. त्यावर मोडीतल्या कागदांच्या प्रती आहेत. या कप्प्याविषयी माझं मत पट्टीतल्या बाकी नावांइतकं चांगलं नाही. ‘बघू’ या शब्दात होकारही असतो आणि टाळणंही असतं, आणि त्यामुळे कप्प्यात काय आहे ते नाव सांगत नाही. सात नावं गिऱ्हाइकाच्या तोंडची, हे एकच ताईंच्या स्वतःच्या तोंडचं. दुकानाच्या पट्टीत स्वतःसाठी त्यांनी एवढीच जागा ठेवली, तीही सगळ्यात उजवीकडे, शेवटी. रसग्रहण करणाऱ्यानं दोष दाखवावा लागतो म्हणून मी तो दाखवतो, पण हे नाव बदला असं त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. मुलीच्या प्रवेशाचं पान तेवढं त्यातून काढून बाहेर ठेवा, असं मात्र सांगितलं.

यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी नातवाच्या रहिवासी दाखल्यासाठी गेलो होतो. चार दिवस पावसाची झड लागलेली, गल्लीतनं लाल पाणी वाहत होतं, बाकावर ओल्या छत्र्या टेकवलेल्या. ताईंनी अर्ज भरता भरता माउस पट्टीवर नेला, ‘पाणी’ धरलं, डावीकडे ओढत नेलं आणि घरफाळ्याच्या अलीकडे सोडलं. पट्टी आता पाणी, घरफाळा, उतारा अशी सुरू होत होती. दारात एक पोरगा सायकल धरून उभा होता, आत न येताच त्यानं ओरडून विचारलं, “काकू, किती झालं?”

ताईंनी दाबलं, क्षणभर थांबल्या.

“अडतीस फूट चार इंच. चढतंय.”

पोरगा सायकल वळवून तालमीकडे गेला.